खिडकीतलं ऊन किती, दिवा किती: ठाणे-नवी मुंबईच्या फ्लॅटसाठी हिशोब

घोडबंदर रोडवर किंवा खारघरला बाराव्या मजल्यावरचा हॉल दुपारी लख्ख दिसतो, तरी तिथल्या कुंडीतली मिरची काही फुलत नाही. फसवतो तो आपला डोळा. उघड्यावर भर दुपारच्या उन्हात साधारण १ लाख लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. खिडकीपासून दोन मीटर आत तो कित्येकदा १,००० च्याही खाली येतो. डोळ्याची बाहुली मोठी होऊन हा फरक झाकते, पानाला ती सोय नाही.

म्हणून दिवा घेण्याआधी मोजा. मोबाइलवरचं लक्स मोजणारं साधं ॲप चालतं. सेन्सर बहुतेक फोनमध्ये पुढच्या कॅमेऱ्याशेजारी असतो, तेव्हा फोन पानाच्या उंचीवर, स्क्रीन वर करून आडवा धरा. सकाळी ९, दुपारी १२, ३ आणि ५ वाजता आकडे लिहून ठेवा. झाडाला दिवसभराची बेरीज लागते: या आकड्यांची सरासरी काढा, उन्हाचे लक्स ५४ ने, पांढऱ्या एलईडीचे ६७ ने भागा, आलेल्या आकड्याला उजेडाच्या तासांनी आणि ३,६०० ने गुणा, मग १० लाखांनी भागा. हे झाले दर चौरस मीटरला दिवसाचे मोल, म्हणजे पानांवर दिवसभरात पडलेल्या प्रकाशकणांचं माप. मनीप्लांटला ३-४ पुरतात, मेथी-कोथिंबिरीला १२ च्या आसपास हवेत, मिरची-टोमॅटोला २० च्या वर.

एकदा मोजून भागत नाही. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला, जेमतेम ४७ अंशांवर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत ऊन आतपर्यंत येतं. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तो डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. तेव्हा तीच गॅलरी वरच्या स्लॅबच्या सावलीत जाते. वर पावसाळी ढग, आणि ग्रिलला आपणच बांधलेली निळी ताडपत्री. ती काढून पारदर्शक प्लास्टिक लावलं तर काहींना दिवा लागणारच नाही.

लागलाच, तर पांढरा घ्या. जांभळ्या दिव्यातही झाडं वाढतात, पण त्या उजेडात पिवळं पडलेलं पान किंवा पिठ्या ढेकूण वेळेत दिसत नाही. खोक्यावरच्या वॅटवर जाऊ नका, प्लगमधून प्रत्यक्ष किती ओढतो ते विचारा. ४ फूट बाय १ फूट फळीवर २० वॅटच्या चार साध्या एलईडी बॅटन (ट्यूबलाइटसारखे लांब दिवे) पानांपासून २० सेंटीमीटर वर टांगल्या, तर १२,००० लक्सच्या आसपास मिळतात. टायमरवर १४ तास ठेवल्या की ९ मोल. खर्च महिन्याला ३४ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर ३४० रुपये. मेथीसाठी हे आतबट्ट्याचंच, जुडी मंडईतून आणावी. टोमॅटोची फळं या उजेडावर धरणार नाहीत. पण ऑगस्टमध्ये पेरलेल्या टोमॅटो-वांग्याची रोपं ४-५ आठवडे इथे वाढवली, तर दिव्याचे पैसे वसूल होतात.

बॅटन साखळीवर टांगा, रोप वाढेल तशी वर घेता येते. रोपं लांबुडकी होऊन कलंडली, तर दिवा दूर आहे. शेंड्याची पानं पांढरट पडली, तर फार जवळ. रोप मातीलगत कुजून आडवं पडलं, तर दोष पाण्याचा: पावसाळी दमट हवेत, उन्हाशिवाय माती दिवसेंदिवस सुकत नाही. बोटभर खाली कोरडं लागल्याशिवाय पाणी घालू नका, छोटा पंखा चालू ठेवा. वायरला सॉकेटच्या खाली झोळ द्या, म्हणजे ओघळणारं पाणी तिथूनच टपकेल, सॉकेटपर्यंत जाणार नाही.

नवरात्राच्या सुमारास ऊन परतलं की रोपं थेट बाहेर नेऊ नका. दिव्याखाली वाढलेल्या पानाला दुपारचं ऊन दहापट पडतं आणि ते दोन दिवसांत करपतं. पहिल्या दिवशी सकाळचा एक तास, मग रोज तासभर वाढवत ८-१० दिवस काढा.

शेवंतीला या फळीवर जागा देऊ नका. कळ्या धरायला तिला लांब, अखंड रात्र लागते. गॅलरीत रात्रभर जळणारा बल्बही तिचा बहर लांबवतो.