सामान्यज्ञानाच्या प्रश्नमंजूषेसाठी वाद न होणारे प्रश्न कसे तयार करावेत

गणेशोत्सवात, शाळेच्या स्नेहसंमेलनात किंवा गृहसंकुलाच्या वार्षिक कार्यक्रमात प्रश्नमंजूषा ठरली, की आयोजकांचा बहुतेक वेळ मंडप, ध्वनिक्षेपक आणि बक्षिसे यांतच जातो आणि प्रश्न आदल्या रात्री एखाद्या जुन्या पुस्तकातून उतरवून घेतले जातात. स्पर्धेतील भांडणे मात्र जवळजवळ नेहमी प्रश्नांवरूनच होतात. त्यामुळे प्रश्नांचे काम किमान पंधरा दिवस आधी सुरू करावे.

प्रथम संख्या निश्चित करावी. चार संघ असतील आणि इतिहास, विज्ञान, दूरचित्रवाणी व प्राणी अशा चार फेऱ्यांत प्रत्येक संघाला दोन प्रश्न द्यायचे असतील, तर बत्तीस प्रश्न लागतात. त्याखेरीज दहा राखीव प्रश्न हाताशी ठेवावेत.

यानंतरची पायरी शब्दरचनेची असून सर्वांत जास्त वेळ तिलाच द्यावा. ‘भारतातील पहिली रेल्वे कधी धावली?’ हा नेहमीचा प्रश्न घ्या. अपेक्षित उत्तर १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, हे असते. परंतु मद्रासजवळच्या रेड हिल्स भागात दगड वाहून नेण्यासाठी १८३७ सालीच रेल्वे वापरात आली होती, आणि हे ठाऊक असलेल्या स्पर्धकाला चूक ठरवणे हा सरळ अन्याय होय. ‘पहिली सार्वजनिक प्रवासी रेल्वे’ एवढे म्हटले, की प्रश्न निर्दोष होतो. शिवराज्याभिषेकाच्या दिवसाविषयी विचारतानाही ‘इंग्रजी दिनांक सांगा’ असे स्पष्ट म्हणावे, कारण ६ जून १६७४ आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ ही दोन्ही उत्तरे बरोबरच आहेत. दूरदर्शनच्या आरंभाचेही तसेच आहे. दिल्लीत प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाले, तर मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी. म्हणून प्रश्नात शहराचे नाव असलेच पाहिजे.

आता प्रत्येक उत्तर आजही खरे आहे का, हे तपासावे. जुन्या पुस्तकांत ग्रह नऊ असतात, परंतु २००६ साली प्लूटोची गणना बटुग्रहांत झाल्यापासून ते आठ आहेत. एव्हरेस्टची उंची ८,८४८ मीटर अशी आपण पाठ केली. डिसेंबर २०२० मध्ये नेपाळ व चीन यांनी मिळून ८,८४८.८६ मीटर ही उंची जाहीर केली. भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे १९५२ साली घोषित झाले, ही माहिती खरी असली, तरी १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आणलेले चित्ते कुनो राष्ट्रीय उद्यानात सोडण्यात आले, त्यामुळे ‘भारतात नसलेला प्राणी कोणता?’ या प्रश्नाला चित्ता हे उत्तर आता चालणार नाही.

विज्ञान आणि प्राणी या फेऱ्यांत केवळ पाठांतर तपासणारे प्रश्न कमी ठेवून विचाराने उत्तरापर्यंत पोहोचता येईल असे प्रश्न निवडावेत. पाण्याचा उत्कलनबिंदू विचारण्यापेक्षा लेहसारख्या उंचावरील ठिकाणी उघड्या पातेल्यात भात शिजायला जास्त वेळ का लागतो, हे विचारावे. उंचावर हवेचा दाब कमी असल्याने पाणी कमी तापमानालाच उकळते, हे कारण शाळकरी मूलही शोधून काढू शकते. जिराफाच्या मानेत माणसाइतकेच, म्हणजे सातच मणके असतात, हे उत्तर ऐकल्यावर प्रेक्षकांत जी कुजबुज होते, ती मला कोणत्याही सनावळीच्या प्रश्नापेक्षा मोलाची वाटते.

दूरचित्रवाणीच्या फेरीत पिढीचा विचार करावा. एकाच काळातील मालिकांवर सगळे प्रश्न काढले, तर मंचावरील निम्मे लोक गप्प बसतात. ‘१९८२ साली दिल्लीतील कोणत्या क्रीडास्पर्धेच्या सुमारास देशात रंगीत प्रक्षेपण सुरू झाले?’ असा प्रश्न ठेवल्यास मालिका न पाहिलेल्यालाही आशियाई स्पर्धेचे उत्तर सुचू शकते.

प्रत्येक प्रश्न स्वतंत्र कार्डावर लिहून मागे उत्तर, ग्राह्य पर्याय आणि माहितीचा आधार नोंदवावा. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू आहे. स्पर्धकाने ‘मोठी खार’ असे सांगितल्यास गुण द्यायचे की नाही, हा निर्णय आधीच झालेला असावा. तथ्ये एकमेकांवर अवलंबून नसलेल्या दोन ठिकाणी पडताळावीत आणि स्पर्धेत भाग न घेणाऱ्या एका चिकित्सक व्यक्तीला सर्व कार्डे मोठ्याने वाचायला सांगावीत, कारण कागदावर सरळ दिसणारा प्रश्न कानाला अनेकदा संदिग्ध लागतो.

शेवटी बरोबरीसाठी संख्येत उत्तर असलेला एक प्रश्न बंद पाकिटात ठेवावा. ‘कळसूबाई शिखराची उंची किती मीटर?’ असे विचारून दोन्ही संघांकडून उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्यावे, आणि १,६४६ या आकड्याच्या जो संघ जास्त जवळ असेल त्याला विजयी घोषित करावे.