कर्सिव्हमध्ये ‘ओ’ची जोडणी अडायची, ती कशी सुटली

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या शाळेत चौथीतली पोरं सुटी इंग्रजी अक्षरं छान काढायची. पण कर्सिव्हमध्ये ‘फॉर’, ‘बॉय’, ‘लव्ह’ आले की गाडी अडायची. ‘ओ’ची जोडरेघ खाली यायची आणि त्याचा थेट ‘ए’ दिसायचा. एकीनं विचारलंच, “मॅडम, ओच्या पुढं आर कसा जोडाचा?”

गोम अशी, की बहुतेक लहान अक्षरं खालच्या रेघेवर संपतात. ओ, व्ही, डब्ल्यू आणि बी मात्र वर संपतात. म्हणून त्यांची जोडरेघ वरूनच आडवी जाते. एबीसीडीच्या क्रमानं गिरवताना हे लक्षातच येत नाही. मी तो क्रम सोडला आणि हाताच्या वळणाप्रमाणे गट केले. आधी आय, यू, टी. मग सी, ए, डी, जी. पुढं एन, एम, एच. वर संपणारी चार शेवटी, आणि तीही सुटी नाही, जोडीनंच: ओ-आर, ओ-एन, व्ही-ई, बी-आर. फळ्यावर जोडरेघ तेवढी रंगीत खडूनं काढते. पोरं तिच्यावरून बोट फिरवतात, मगच चाररेघी वहीत उतरवतात.

कापूस वेचणीच्या दिवसांत हजेरी घटते, म्हणून सराव परिपाठानंतर रोज एकच ओळ. पानभर गिरवायला लावलं की शेवटच्या ओळी हमखास बिघडतात.

डावखुऱ्या मुलांना वहीचा माथा उजवीकडे कलवू द्या. त्यांना सरळ वहीचा आग्रह अजिबात करू नये.