घरच्या दुधासाठी गाय: निवड, खरेदी आणि पहिले तीन आठवडे

घरच्या दुधासाठी गाय घेताना डेअरीचा हिशेब डोक्यातून काढून टाका. पाच-सहा माणसांच्या घराला चहा, दही, ताक, तूप धरून रोज चार-पाच लिटर दूध पुरतं. वासराचा वाटा त्यात मिळवला, तर ताजी व्यालेली असताना दोन वेळचं मिळून सात-आठ लिटर देणारी गाय भरपूर झाली. वीस लिटरची एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) संकरित गाय हौसेने आणली, की तेवढा खुराक आणि उन्हाळ्यातला थंडावा दोन्ही द्यावं लागतं. ते जमलं नाही तर ती पंधरा दिवसांत हाडावर येते, आणि भरवल्यावर गाभ न धरता पुन्हा पुन्हा माजावर येत राहते.

जात ठरवताना आपल्या भागाकडे बघा. सात-आठ लिटरसाठी जर्सी संकरित सोयीची: अंगाने लहान, खाणं कमी, दुधाला फॅट चांगली आणि एचएफपेक्षा उन्हाला चिवट. चांगल्या वळणाची गीरही तेवढं देते, पण ती वासराशिवाय पान्हा सोडायला सहसा तयार नसते. मराठवाड्यात देवणी आणि लाल कंधारी तिथल्याच हवेत वाढलेल्या. दूध कमी, आजारपणही कमी. नाशिकच्या घाटाकडच्या धो धो पावसात डांगीच टिकते. खिल्लार ही बैलांसाठी जोपासलेली जात आहे. वासराचं भागवून घराला लिटर-दोन लिटर मिळालं तरी खूप, हे माहीत असूनच ती घ्यावी.

कोणत्या टप्प्यावरची गाय घ्यावी

दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेताची (दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा व्यालेली), व्यायला पंधरा ते पंचेचाळीस दिवस झालेली आणि पोटाखाली स्वतःचं वासरू असलेली गाय नवख्या घराला सगळ्यात बरी. वार (व्यायल्यावर बाहेर पडणारी झिल्ली) पडली का, अंग सावरलं का, कास चारही बाजूंनी चालते का, हे सगळं तोवर कळलेलं असतं. पहिलारू गाय आणि नवा धारकरी ही जोडी टाळा, दोघांनाही काहीच येत नसतं. गाभण गाय दिसायला भरलेली आणि देखणी असते, पण तिच्या दुधाबद्दल फक्त मालकाचा शब्द मिळतो.

वय दातांवरून बघा. मधले दोन कायमचे दात साधारण दोन ते अडीच वर्षांना येतात, चौथी जोडी पुरी होऊन गाय जुळते ती साडेचार-पाच वर्षांना. देशी गाईला थोडा उशीर लागतो. शिंगांच्या वळ्यांवर विसंबू नका, त्या कानशीने घासून गुळगुळीत करता येतात. जुळलेली, दात अजून न झिजलेली गाय तिसऱ्या वेतापर्यंतची धरायला हरकत नाही.

बाजार की गोठा

लोणी, काष्टी, सांगोला, घोडेगाव हे बाजार मोठे आहेत, एका दिवसात शेकडो जनावरं बघायला मिळतात, आणि डोळा तयार होण्यासाठी एखादी फेरी जरूर मारा. रुमालाखाली बोटं धरून होणारे सौदे आणि दलालांची घाई बघितली, की नवख्याने तिथे पैसे का काढू नयेत हे लक्षात येतं. बाजारातली गाय बहुतेक वेळा दूध तुंबवून आणलेली असते. एक धार चुकवली की कास फुगून मोठी दिसते आणि समोर काढलेलं दूध दीडपट निघतं.

म्हणून गाय तिच्या गोठ्यात जाऊन बघा आणि लागोपाठ तीन धारा बघा: संध्याकाळ, दुसरी सकाळ, दुसरी संध्याकाळ. पहिली धार हिशेबात धरू नका. पुढच्या दोन धारांची बेरीज हे तिचं खरं दूध. फेस बसल्यावर मोजा किंवा बादलीसकट काट्यावर लावा, कारण फेसासकट मापलेलं दूध सहज अर्धा लिटर जास्त भरतं. शेवटच्या धारेला तुम्ही स्वतः बसा. परक्या हाताला गाय कशी वागते हे तेव्हाच कळतं.

धार काढण्याआधी काही टोचलं जातं का, याकडे लक्ष ठेवा. पान्ह्यासाठी रोज ऑक्सिटोसिन टोचलेली गाय नंतर त्याशिवाय दूध सोडायला अडते. गोठ्यात त्याच्या रिकाम्या बाटल्या दिसल्या तर सौदा सोडून द्या.

धार झाल्यावर कास हातात घ्या. चांगली कास रिकामी झाली की मऊ पडते, कातडी सुरकुतते. दूध काढूनही टणक राहणारी कास म्हणजे एकतर मांसल कास, नाहीतर जुनी दगडी, म्हणजे कासेच्या सुजेचा आजार. प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा काळ्या फडक्यावर घ्या, कण, तार किंवा पाणी दिसलं की तो सड आजारी. लपलेल्या दगडीसाठी साधी तपासणी अशी: अर्धा लिटर पाण्यात १५ ग्रॅम कपडे धुण्याची पावडर विरघळवा, चार वाट्यांत चार सडांचं थोडं थोडं दूध घ्या, प्रत्येकात तेवढंच हे पाणी घालून वाटी हलवा. मिनिटभरात जे दूध चिकट, लिबलिबीत होईल, त्या सडात दोष आहे. आणि चारही सड मोजून पिळा. तीन सडांवर चालणारी गाय चांगल्या किमतीला विकली जाते, कारण घेणारा मोजत नाही.

मग तिला दावं सोडून कडक जमिनीवर पन्नास पावलं चालवा. लंगडणं, खोकला, मागून पू किंवा घाण वासाचा स्राव, कोरडी नाकपुडी, यांपैकी काहीही दिसलं तर थांबा. निवांत बसलेली गाय रवंथ करताना दिसली पाहिजे.

यानंतरची पायरी बहुतेक लोक गाळतात. रक्त तपासून घ्या, ब्रुसेलासाठी. हा आजार असलेली गाय बाहेरून ठणठणीत दिसते, पण सहाव्या ते आठव्या महिन्यात गाभडते (तिचा गर्भ पडतो), आणि कच्च्या दुधातून किंवा वार हाताळताना तो माणसाला लागतो. माणसाचा ताप आणि सांधेदुखी मग महिनोन्‌महिने चालते. विसार (आगाऊ रक्कम) देताना चिठ्ठीत लिहून घ्या: ‘तपासणीचा अहवाल निर्दोष आला तरच व्यवहार पुरा.’ याला नकार देणाऱ्याकडची गाय घेऊ नये. मुलं दूध पिणार आहेत.

खरेदीच्या पावतीवर कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक लिहा. बिल्ला नसेल तर आधी मारून घ्यायला सांगा. लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या आणि लम्पी यांच्या लसी कधी झाल्या तेही विचारून तारखेसह टिपून ठेवा, आणि पुढे पशुवैद्यकीय दवाखान्यात त्या क्रमांकावर मालक म्हणून आपलं नाव लावून घ्या.

निघण्याआधी मालकाला विचारायच्या गोष्टी

गाय किती वाजता पिळतात, धार बाई काढते की पुरुष, कोणत्या बाजूला बसून, आधी वासरू सोडतात की समोर आंबोण (भिजवलेला खुराक) ठेवतात, कुट्टी कोरडी देतात की भिजवून, पेंड कोणती आणि किती, माजावर आली होती का. हे सगळं लिहून घ्या. सोबत तिचं जुनं दावं, आठवडाभर पुरेल एवढी तिची पेंड आणि दोन-चार भारे तिचाच कडबा विकत घ्या. या सामानाचे पैसे दुधात लगेच भरून निघतात: नव्या घरात गाय बिथरते ती जागेमुळे, आणि जागेसोबत चाराही बदलला तर पोटही बिघडतं.

गाडी पहाटे किंवा सायंकाळी काढा. तळाला वाळू किंवा उसाच्या पाचटाचा जाड थर हवा, नुसत्या पत्र्यावर पाय घसरून कुल्हा निखळतो. निघण्याआधी धार काढा. वासरू त्याच गाडीत, पण मध्ये आडवी फळी टाकून.

घरी आल्यावर

गोठ्यात तिला उभं राहायला व बसायला पाच फूट रुंद आणि दहा फूट लांब जागा लागते. जमिनीला मागच्या बाजूला फुटाला पाव इंच उतार ठेवा आणि पृष्ठभाग खरबरीत असू द्या. घरात दुसरी जनावरं असतील तर नव्या गाईला निदान २१ दिवस वेगळं बांधा. तिची बादली आणि गव्हाणही वेगळी, आणि धार तिची शेवटी काढा. कानाच्या आत, कासेजवळ आणि शेपटीच्या बुडाशी गोचीड बघा. संकरित गाईला आल्यापासून दोन-तीन आठवड्यांत ताप भरला आणि खांद्यासमोरच्या गाठी सुजल्या, तर तो गोचिडाचा ताप असू शकतो. त्याला एक दिवसही थांबायचं नसतं. डॉक्टर जवळ नसतील तर १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा क्रमांक लावा.

गाय आली की हळदी-कुंकू, ओवाळणी होणारच, आणि व्हावी. त्रास नंतर सुरू होतो: प्रत्येक पाहुणा पोळी, भात, गूळ, पुरण घेऊन येतो. प्रवासाने थकलेल्या, रिकाम्या पोटच्या गाईला एवढं पीठ-साखर गेलं की पोटात आंबतं, रवंथ थांबते, शेण पातळ आणि आंबूस वासाचं होतं, कान गार पडतात. एक भाकरीचा तुकडा मानाचा म्हणून द्या आणि बाकीचं हात जोडून परत करा. पहिल्या दिवशी आधी पाणी, मग तिचाच कडबा. पेंड नेहमीच्या निम्मीच.

पहिले तीन दिवस फक्त तिचा जुना चारा. चौथ्या दिवसापासून पाव हिस्सा तुमचा, सातव्यापासून निम्मा, दहाव्यानंतर पूर्ण. सात-आठ लिटरच्या, साडेतीनशे-चारशे किलोच्या गाईचं रोजचं माप असं धरा: हिरवा चारा १५ ते २० किलो, कडब्याची कुट्टी ५ ते ६ किलो, अंगपोषणाला दीड किलो खुराक आणि वर दर लिटर दुधामागे ४०० ग्रॅम, म्हणजे साडेचार किलोच्या आसपास, दोन धारांना वाटून. खनिज मिश्रण ५० ग्रॅम, मीठ ३० ग्रॅम. पाणी साठ-सत्तर लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त, आणि तिच्यासमोर कायम.

उसाच्या पट्ट्यात हिरवा चारा म्हणून नुसतं वाढं (उसाचे हिरवे शेंडे) घालायची सवय आहे. वाढ्यातलं ऑक्झलेट अंगातलं कॅल्शियम बांधून टाकतं, त्यामुळे ते निम्म्यापेक्षा जास्त नको आणि खनिज मिश्रण चुकवायचं नाही. पावसाने ओढ दिल्याने पाण्याचा ताण बसलेली, गुडघाभर कोवळी ज्वारी विषारी असते, तिकडे गाय वळू देऊ नका. दवाने ओला लसूणघास उपाशी पोटी खाल्ला की पोट फुगतं. डावी भकाळी (फासळ्यांमागची कूस) ढोलासारखी वाजू लागली तर पुढचे पाय उंचावर येतील अशी गाय उभी करा आणि डॉक्टरांना बोलवा. तोंड वर धरून नळीने तेल-औषध ओतू नका, ते फुप्फुसात गेलं तर गाय हातची जाते.

धार

पहिल्या आठवड्यात दूध एक तृतीयांशाने, कधी निम्म्याने घटतं. भीतीने पान्हा अडतो, कासेत दूध असूनही उतरत नाही. मारणं, ओरडणं किंवा टोचणं याने ते आणखी मागे जातं. वेळ जुन्या मालकाचीच ठेवा, एकाच माणसाने एकाच बाजूला बसा, आठ-दहा दिवसांत दूध जाग्यावर येतं.

वासरू चारही सडांना मिनिटभर लावा, मग तिच्या तोंडाशी बांधा म्हणजे ती त्याला चाटत राहते. कोमट पाण्याने सड धुवा आणि कोरड्या फडक्याने पुसा, ओल्या कासेवरचं पाणी सडावरून निथळून दुधात आणि जंतू सडात जातात. पहिल्या दोन धारा वेगळ्या भांड्यात. पान्हा साधारण सहा-सात मिनिटं टिकतो, तेवढ्यात धार संपवा. पूर्ण मुठीने पिळा. अंगठा आत दुमडून पिळल्याने सडाच्या आत गाठी होतात आणि गाय लाथाडायला लागते. अचानक लाथ मारू लागली तर आधी आपली नखं बघा, मग सडावर चीर आहे का ते.

पंचवीस किलोच्या वासराला रोज अडीच लिटर दूध लागतं, म्हणून एक सड त्याच्यासाठी राखा. वासरू पिऊन झालं की सड आयोडीनच्या औषधात बुडवा आणि समोर कुट्टी टाका, म्हणजे ती अर्धा तास उभी राहील. धारेनंतर सडाची भोकं लगेच मिटत नाहीत, शेणात बसली की दगडी तिथूनच सुरू होते. दूध उकळूनच घरात वापरा.

व्यायल्यापासून साठ-नव्वद दिवसांत माज ओळखून गाय भरवा. हंबरणं, दुसऱ्या जनावरावर चढणं, मागून काचेसारखा स्वच्छ, चिकट स्राव (सोट), दूध एकदम कमी होणं, ही खूण. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. एकविसाव्या दिवशी पुन्हा लक्ष ठेवा, आणि अडीच महिन्यांनी डॉक्टरांकडून गाभण असल्याची खात्री करा. रेतनाच्या तारखेत २८० दिवस मिळवून व्यायची तारीख काढा, आणि तिच्या दोन महिने आधी गाय आटवायला (धार हळूहळू बंद करायला) घ्या.