कचरा डेपोजवळच्या बोअरसाठी धोक्याची रेषा कशी ठरवायची

डेपोशेजारच्या बोअरचा अहवाल हातात आला की नजर आधी पिण्याच्या पाण्याच्या मानकाकडे जाते. क्लोराइड ८० मिलिग्रॅम प्रति लिटर, मानक २५०, म्हणजे पाणी ठीक. फसगत इथेच होते. त्या बोअरला आजवर ४४ च्या आसपास क्लोराइड येत असेल, तर ८० म्हणजे लिचेट, म्हणजे कचऱ्यातून पाझरणारं दूषित पाणी, झिरपत पोचल्याची खूण असू शकते. क्लोराइड मातीत अडकत नाही, पाण्याबरोबर पुढे सरकतं, म्हणून ते लवकर दिसतं. २५० होईपर्यंत थांबलो तर खालच्या विहिरींचं पाणी गेलंच समजा. धोक्याची रेषा, म्हणजे जो आकडा ओलांडला की इशारा समजायचा तो, बोअरच्या स्वतःच्या इतिहासावरून काढायची ती यासाठी.

१. जुने आकडे जमवा. किमान ८ नमुने हवेत, तेही डेपो सुरू होण्याआधीचे. आपल्याकडच्या २०१६ च्या घनकचरा नियमांनीही डेपोआधीची भूजलाची नोंद मागितली होती. एकाच आठवड्यात ८ बाटल्या भरून उपयोग नाही, कारण ते एकच पाणी आठदा तपासल्यासारखं होतं. उन्हाळा, पावसाळा, पावसाळ्यानंतर असे दोनेक वर्षांत विभागून घ्या. साचलेलं पाणी आधी उपसा आणि ताजं पाणी आलं की मगच बाटली भरा. नमुना गढूळ असेल तर मातीच्या कणांतलं लोहही पाण्याच्या खात्यात मोजलं जातं.

डेपो जुना असेल तर स्वच्छ इतिहास मिळत नाही. मग भूजल जिकडून डेपोकडे वाहत येतं त्या वरच्या बाजूच्या बोअरशी तुलना करतात. पण दख्खनच्या बेसाल्टमध्ये पाणी भेगांतून वाहतं, शेजारशेजारच्या दोन बोअरचं पाणीही वेगळं निघतं. इथे ही तुलना फार जपून करावी.

२. आकडे कागदावर मांडून बघा. एखादा आकडा उंच उडाला म्हणून खोडू नका. नोंदीत किंवा लॅबमध्ये चूक सापडली तरच काढा. अहवालातलं ‘आढळले नाही’ म्हणजे शून्य नव्हे, लॅबला मोजता येईल त्याहून कमी एवढंच. एखादा घटक आजवर कधीच आढळला नसेल, तर गणित करत बसू नका. तो लागोपाठ दोन नमुन्यांत मोजण्याइतका सापडला की तोच इशारा.

३. रेषा काढा. समजा क्लोराइडचे आठ आकडे असे आले: ४२, ४५, ३९, ४८, ४४, ४१, ४६, ४७. सरासरी ४४, प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून साधारण किती विखुरलेत त्याचं माप) ३.१२. आठ नमुन्यांसाठी, ९९ टक्के खात्रीला, एकतर्फी टी-मूल्य, म्हणजे नमुने थोडे असताना रेषा किती वर ठेवायची ते सांगणारा गुणक, २.९९८ (एक्सेलमध्ये मिळतं). एकतर्फी, कारण आपल्याला फक्त वाढ पकडायची आहे. पुढचा नमुना एकच असल्याने १ + १/८ चं वर्गमूळ घ्यायचं, ते १.०६.

४४ + (२.९९८ × ३.१२ × १.०६) = ५३.९

म्हणजे ५४ ही रेषा. हिला अंदाज-मर्यादा म्हणतात. मानकाच्या पावपटीहूनही ती खाली आहे, हे नीट पाहा.

हे गणित आकडे सरासरीभोवती दोन्हीकडे सारखे पसरलेले असतील तरच चालतं. ते एका बाजूला ओढलेले असतील तर आकड्यांचे लॉग (लॉगॅरिदम) घेऊन करा. तेही जमत नसेल तर आजवरचा सर्वांत मोठा आकडा हीच रेषा धरा. मात्र ८ नमुन्यांवर अशी रेषा निष्कारण ओलांडली जाण्याची शक्यता ९ मध्ये १ असते. १९ नमुने असतील तर २० मध्ये १.

४. फेरतपासणी आधीच ठरवून ठेवा. १० बोअर आणि १० घटक म्हणजे दर खेपेला १०० तुलना. प्रत्येकीत खोट्या इशाऱ्याची शक्यता १ टक्का धरली, तरी पाणी स्वच्छ असताना निदान एक इशारा मिळण्याची शक्यता ६३ टक्के होते. असे इशारे वारंवार आले की माणसं खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष करू लागतात. म्हणून रेषा ओलांडली की काही आठवड्यांनी दुसरा नमुना घ्या, आणि तोही वर असेल तरच वाढ झाली असं म्हणा. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची २००९ ची मार्गदर्शिका सगळ्या जागेचा मिळून वर्षाला १० टक्के खोटा इशारा एवढीच सूट देते.

५. नवे आकडे जुन्यात घाईने मिसळू नका. गळती हळू असेल तर आकडे ४६, ४९, ५२ असे चढतात. ते दर खेपेला इतिहासात घातले तर रेषाही त्यांच्यासोबत वर सरकते आणि गळती पकडलीच जात नाही. दोनेक वर्षं थांबा, आलेख चढता नाही याची खात्री करा आणि मगच नवी रेषा काढा.