लिनॅक खोलीच्या भिंतीतले पाइप: न्यूट्रॉन कुठून निसटतो, कसा अडवायचा

कोल्हापुरात कॅन्सर रुग्णालयाची लिनॅक (किरणोपचाराचं यंत्र) खोली बांधताना सगळं लक्ष भिंतीच्या जाडीवर असतं. तेवढंच लक्ष तिच्यातल्या पाइपांवर हवं. मशीन १० एमव्हीच्या (मेगाव्होल्ट) पुढे चालवलं की टार्गेट (इलेक्ट्रॉन आदळून क्ष-किरण निघतात तो धातू) आणि कॉलिमेटरमधून (झोताला आकार देणारा भाग) न्यूट्रॉन निघतात. काँक्रीटमध्ये धरलेल्या पाण्यातला हायड्रोजन त्यांचा वेग मोडतो. पाइपाच्या पोकळीत ते काम कोणीच करत नाही, उलट कडेला आदळलेले बरेच न्यूट्रॉन उसळून पुढे सरकतात.

सरळ पाइपाच्या बाहेरच्या तोंडाशी येणारा डोस (किरणोत्साराची मात्रा) ढोबळमानाने व्यासाच्या वर्गाने वाढतो आणि लांबीच्या वर्गाने घटतो. म्हणून केबलसाठी २०० मिमीचा एक पाइप टाकण्यापेक्षा १०० मिमीचे चार टाका, तेही अंतर ठेवून. एकूण जागा तेवढीच, पण प्रत्येक तोंडाशी डोस साधारण चौथा हिस्सा. पाइप प्रायमरी भिंतीत (जिच्यावर झोत थेट पडतो) नकोच. इतर भिंतीत तो तिरका न्या आणि नकाशावर त्याची मध्यरेषा वाढवून बघा: ती टार्गेटकडे किंवा आयसोसेंटरकडे (मशीन ज्या बिंदूभोवती फिरतं तो) जाता कामा नये.

वळण दिलंत तर दोन्ही बाजूंचा सरळ भाग व्यासाच्या किमान तिप्पट ठेवा. आखूड ठेवला तर वळण नावापुरतंच राहतं. पाइप भिंतीच्या आतून आडवा पळवला, तर तिथं भिंत व्यासाएवढी पातळ झाली हेही धरा.

एसीचा डक्ट मोठाच लागतो. तो मेझच्या (खोलीत शिरायची वळणाची वाट) दारावरून काढा, कारण मेझमध्ये न्यूट्रॉनचा डोस साधारण दर ५ मीटरला दहावा हिस्सा होतो.

स्लीव्ह (भिंतीत बसवायची पाइपाची नळी) काँक्रीटच्या ओतकामाआधीच बांधा आणि तिच्या खाली व्हायब्रेटर नीट फिरवा, पोकळी तिथंच राहते. नंतर मारलेलं कोअर कटिंग (तयार भिंतीला पाडलेलं गोल भोक) सरळ आरपार जातं, ते टाळाच. जागा बदलायची वेळ आली तर आधी आरएसओला (रुग्णालयाचा किरणोत्सार सुरक्षा अधिकारी) विचारा. एईआरबीने (अणुऊर्जा नियामक मंडळ) मंजूर केलेल्या नकाशाबाहेर काही करू नका.

उरलेली फट बुजवायला शिरोलीच्या फाउंड्रीतून लोखंडी ठोकळा आणणं सोपं, पण २४ केईव्ही ऊर्जेच्या (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट) आसपासचे न्यूट्रॉन लोखंडातून जवळपास मोकळे जातात. शिसंही त्यांचा वेग फारसा कमी करत नाही. आतल्या बाजूला बोरॉन मिसळलेलं पॉलिथिलीन भरा आणि बाहेरून शिसं लावा. पॉलिथिलीनमधला हायड्रोजन न्यूट्रॉन गिळतो तेव्हा २.२ एमईव्हीचा (मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट) गॅमा किरण सुटतो, शिसं त्याच्यासाठी.

तपासणी सर्वांत जास्त ऊर्जेवर, जॉ (झोत अडवणारे कॉलिमेटरचे जबडे) पूर्ण बंद ठेवून करा. प्रत्येक तोंडाशी न्यूट्रॉन मीटर आणि आयन चेंबर (गॅमा मोजणारं), दोन्ही धरा. बीम स्पंदांत येतो, त्यामुळे जीएम (गायगर-म्युलर) काउंटर खरा आकडा दाखवत नाही.