प्राइमरवर वेल्डिंग मारताय? या चुका टाळा

नाशिकच्या अंबडला आमच्या शेडमध्ये दर पावसाळ्यात एकच नाटक. गंज धरेल म्हणून कापलेल्या मालाला आधीच रेड ऑक्साईड, म्हणजे तो लाल प्राइमर, फासायचं, आणि नंतर बीडला (वेल्डिंगच्या रेघेला) भोकं पडली की वेल्डरच्या नावानं बोंब मारायची.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे दिसणारा रंग घासायचा आणि न दिसणारा विसरायचा. निफाडकडच्या एका द्राक्ष पॅकिंग शेडचं काम होतं. कॉलमच्या बेसप्लेटवर स्टिफनर, म्हणजे मजबुतीची उभी पट्टी, आणि तिला दोन्ही बाजूंनी फिलेट, म्हणजे कोपऱ्यातलं वेल्डिंग. पोरांनी प्लेटचा वरचा भाग ग्राइंडरनं चकाचक केला होता. पहिली बाजू लोण्यासारखी गेली, दुसऱ्या बाजूला टाचणीएवढी भोकं. सीओटू गॅसचा सिलिंडर बदलला, वेल्डिंगची वायर बदलली, रेग्युलेटरला शिव्या घातल्या. शेवटी वैतागून मी एक स्टिफनर हातोड्यानं तोडला. आत मुळाशी मधाचं पोळं!

कारण साधं होतं. स्टिफनरची कड प्लेटवर टेकते तिथं, म्हणजे सांध्याच्या पोटात, प्राइमर तसाच होता. पहिली बाजू मारताना त्याचा वायू पलीकडून निघून गेला. दुसरी मारताना पलीकडची वाट बंद, मग तो वितळलेल्या धातूतूनच वर येणार. सगळे फिलेट घासून काढून पुन्हा मारले. अडीच दिवस गेले आणि पार्टीनं पैसे कापले ते वेगळंच. तेव्हापासून टॅक (तात्पुरते वेल्डिंगचे टाके) मारायच्या आधी कड मी स्वतः बघतो, हेल्परच्या ‘झालंय शेठ’वर जात नाही.

दुसरी माझी डोकेदुखी म्हणजे ‘डब्यावर वेल्डेबल लिहिलंय ना!’ अरे, लिहिलंय ते पातळ थरासाठी. झिंक सिलिकेटचा शॉप प्राइमर, म्हणजे कापायच्या-जोडायच्या आधी मारायचा पातळ प्राइमर, साधारण 15 ते 25 मायक्रॉनचा असतो, तेवढ्यावर वेल्डिंग चालतं. तुम्ही ब्रशनं दोन हात मारले की थर त्याच्या दुप्पट-तिप्पट होतो. साधा रेड ऑक्साईड तर त्या जातीचाच नाही. त्यातलं तेल-राळ जळून धूर होतो, आणि तो बाहेर पडेपर्यंत बीड गोठायची थांबत नाही. ‘करंट वाढवला की रंग जळून जातो’ म्हणणाऱ्या नवशिक्यांना मी आधी आठवडाभर ग्राइंडरवर बसवतो. हात थोडा संथ ठेवला तर वायूला निघायला वेळ मिळतो, पण तो काही घासण्याला पर्याय नाही.

झिंकचं आणखी एक. लोखंड साधारण 1500 अंशांना वितळतं, झिंक 907 लाच उकळतं. तो पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप. दूध पिऊन तो टळत नाही, ही समजूत सोडा. मास्क लावा, धूर बाजूनं ओढून घ्या. पंखा थेट बीडवर सोडलात तर बीडला हवेपासून झाकणारं सीओटूचं कवच उडेल आणि पुन्हा भोकंच.

अर्थिंगचा क्लॅम्प रंगावर लावू नका. आर्क फडफडला की मशीन खराब म्हणून ओरडता.

थिनरनं पुसून लगेच ठिणगी पाडू नका. का, ते सांगायला लागू नये.

वायर ब्रशनं रंग चमकतो, निघत नाही. ग्राइंडरला फ्लॅप डिस्क (सँडपेपरच्या पाकळ्यांची चकती) लावा, सांध्याच्या दोन्ही बाजूंना किमान 25 मिमी.

माल मी स्वतः रंगवून घेणार असेन तर कडेला 50 मिमी मास्किंग टेप लावतो. टेप काढून वेल्डिंग झालं, स्लॅग (बीडवरची खपली) झाडला, की त्याच पट्ट्यावर रंगाचा ब्रश फिरवायचा. टेपचा रोल कितीला येतो ते सातपूरच्या कुठल्याही हार्डवेअरवाल्याला विचारा, आणि अडीच दिवसांच्या मजुरीशी ताडून बघा.