ट्रॅक मोटर उतरवण्याआधी केस ड्रेन फिल्टर बघा
एक्स्कॅव्हेटर सरळ चालवताना एका बाजूला ओढतोय म्हणून लगेच ट्रॅक मोटर (ट्रॅक फिरवणारी हायड्रॉलिक मोटर) उतरवू नका. मोटरच्या आत झिरपणारं तेल तिच्या केसमधून (बाहेरच्या कवचातून) केस ड्रेन लाइन नावाच्या नळीने टाकीत परततं. त्या लाइनवरचा छोटा फिल्टर (सगळ्या मशीनवर नसतो, पण असला की सर्व्हिसिंगमध्ये हमखास राहून जातो) तुंबला, की केसमधला दाब वाढून शाफ्ट सील (मोटरच्या फिरत्या दांड्याभोवती तेल अडवणारं सील) जातं आणि हायड्रॉलिक तेल फायनल ड्राइव्हच्या (मोटरला जोडलेल्या, ट्रॅक फिरवणाऱ्या गिअरबॉक्सच्या) गिअर ऑइलमध्ये उतरतं. फायनल ड्राइव्हचा लेव्हल प्लग (तेलाची पातळी बघायचं बूच) सैल करताच पातळ तेल भळाभळा आलं, तर तेच झालंय.

सिस्टिमचा दाब सोडूनच फिल्टर काढा आणि आतला गाळ पांढऱ्या कापडावर झटका. पितळी चमक दिसली तर मोटर आतून झिजतेय. तेव्हा नुसता नवा फिल्टर टाकून मशीन कामाला जुंपू नका.